कोरडवाहू पिकांच्या प्रयोगात प्लॉट केवढा आणि कसा घ्यावा

बहुतेक प्रयोगांचा आराखडा उलट्या टोकाने सुरू होतो. मोकळे शेत केवढे आहे ते पाहायचे, आठ ट्रीटमेंट (तुलना करायचे वाण, खतमात्रा किंवा पद्धती) आणि तीन रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंटच्या पुनरावृत्ती) म्हणजे चोवीस प्लॉट, जागेला चोवीसने भागायचे आणि येईल तो तुकडा प्लॉट म्हणून आखून टाकायचा. काढणीनंतर आकडे मांडले की सी.व्ही. (आकड्यांतला चढउतार, सरासरीच्या टक्क्यांत) तिशीच्या पुढे गेलेला असतो, एकही ट्रीटमेंट दुसरीपेक्षा सरस ठरत नाही आणि खापर पावसावर फुटते. पाऊस कमी पडला हे खरेच असते, पण तो सगळ्या प्लॉटवर जवळपास सारखाच पडलेला असतो. त्यातला किती कुठल्या जमिनीने धरून ठेवला, इथे फरक पडतो. प्लॉटची लांबी-रुंदी चुकली की जमिनीचा हा फरक ट्रीटमेंटचा फरक गिळून टाकतो.

म्हणून क्रम बदला. आधी शेत समजून घ्या, मग नेट प्लॉट (उत्पादन मोजायचा आतला भाग) ठरवा, त्याला कडा (न मोजायच्या कडेच्या ओळी आणि रोपे) जोडा, ब्लॉक (प्रत्येक ट्रीटमेंट एकदा येणारा शेजारच्या प्लॉटचा गट) बसवा आणि जागेचा हिशेब सर्वांत शेवटी करा. जागा पुरली नाही तर ट्रीटमेंट कमी करा, नेट प्लॉट कापू नका.

तयारी: हाताशी काय हवे

पिकाचे ओळीतील आणि रोपांतील अंतर, पेरणी कशाने होणार (हाताने टोकून, तिफणीने की यंत्राने), ट्रीटमेंटची अंतिम यादी, शेतात मागच्या दोन-तीन हंगामांत काय होते आणि शेणखताचा ढीग कुठे पडला होता ही माहिती. सोबत टेप, दोरी, खुंट्या, चुना आणि मातीत खोलवर जाणारी पहार किंवा ऑगर. ट्रीटमेंटची यादी पक्की नसताना आराखड्याला हात घालू नका. शेवटच्या आठवड्यात घुसलेली एक ट्रीटमेंट संपूर्ण ब्लॉक बिघडवते.

१. शेत वाचा, तेही जमिनीच्या आतून

बागायती प्रयोगात पाणी देऊन जमिनीचे बरेचसे दोष झाकता येतात. कोरडवाहूत ती सोय नाही. पीक शेवटचे तीन-चार आठवडे मातीत साठलेल्या ओलाव्यावर जगते, आणि हा साठा मातीच्या खोलीवर ठरतो. भारी काळ्या जमिनीत दर १० सेंमी खोलीला साधारण १५ ते २० मिमी उपलब्ध ओलावा मावतो. एका कोपऱ्यात मुरूम ४० सेंमीवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात ६० सेंमीवर लागत असेल, तर दोन्हीकडच्या पिकांत ३० ते ४० मिमी पाण्याचे अंतर पडले. एका चांगल्या पावसाएवढा हा फरक आहे आणि वरून पाहताना तो दिसत नाही, कारण दोन्हीकडची माती तितकीच काळी असते.

शेतात दर १० मीटरवर चौकटीने पहार किंवा ऑगर घाला आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते कागदी नकाशावर लिहा. नकाशावर समान खोलीच्या जागा रेघेने जोडल्या की शेत कोणत्या दिशेने बदलते ते उमगते. बहुधा वरच्या अंगाला माती उथळ आणि खालच्या बांधाजवळ वाहून आलेल्या गाळाने खोल असते, पण हे गृहीत धरू नका. जुना मोडलेला बांध किंवा बुजवलेली चर मधूनच जात असेल तर सगळे चित्र बदलते.

प्रयोगक्षेत्रातून पुढील जागा सरळ वगळा: झाडाच्या सावलीचा आणि मुळांचा पट्टा, जुनी खताच्या ढिगाची जागा, गुरे बांधण्याची जागा, वारुळे, बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची जुनी वाट, पाणी साचणारी खोलगट जागा. मागच्या हंगामात तिथे वेगवेगळ्या खतमात्रांचा प्रयोग झाला असेल तर ते शेत एक हंगाम सरसकट एकाच पिकाखाली, एकाच व्यवस्थापनाखाली घ्या आणि मग वापरा.

तपासा: तुमच्या नकाशावर एक ठळक बाण काढता येतो का, ज्या दिशेने जमीन सर्वांत जास्त बदलते? काढता येत नसेल आणि बदल ठिपक्या-ठिपक्यांनी असेल तर तेही लिहून ठेवा. सहाव्या टप्प्यात प्लॉटचा आकार यावरच ठरणार आहे.

२. प्रयोग कशाचा आहे ते पाहून किमान आकार ओळखा

वाणांच्या तुलनेला लहान प्लॉट चालतो, कारण तिथे एका प्लॉटचा परिणाम शेजारच्यावर फक्त सावली आणि मुळांच्या स्पर्धेतून होतो. खतमात्रांच्या प्रयोगाला त्याहून मोठा लागतो, कारण कडेची रोपे शेजारचे खत खातात. नांगरणी, कोळपणी, तणनाशक फवारणी अशा प्रयोगांत औजाराची रुंदी आणि वळण्याची जागा हाच निर्णायक मुद्दा असतो.

मूलस्थानी जलसंधारणाचे (पाऊस पडेल तिथेच अडवून मुरवण्याचे) प्रयोग सर्वांत मोठी जागा मागतात. बंदिस्त सऱ्या, रुंद वरंबा-सरी, आच्छादन यांचा परिणाम पाणी अडते आणि मुरते तेव्हाच दिसतो, आणि अडवलेले पाणी प्लॉटची हद्द पाहून मुरत नाही. तीन-चार मीटर रुंदीच्या प्लॉटवर असा प्रयोग घेतला तर वरच्या प्लॉटचा अपधाव (वाहून जाणारे पाणी) खालच्या प्लॉटला मिळतो, आणि आकडे येतात ते खालच्या प्लॉटच्या नशिबाचे. इथे प्रत्येक प्लॉटभोवती मातीचा बांध हवा, शिवाय आतून एक-दोन मीटरची कड सोडायला हवी. एवढी जागा नसेल तर हा प्रयोग त्या शेतात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. नेट प्लॉट ठरवा

ज्या क्षेत्राचे उत्पादन मोजून लिहिले जाणार ते नेट प्लॉट. ते चौरस मीटरमध्ये नव्हे, आधी रोपांच्या संख्येत ठरवा. प्रत्यक्ष कामात मी नेट प्लॉटमध्ये साधारण शंभर रोपे धरतो. वीस-पंचवीस रोपांच्या नेट प्लॉटमध्ये एक रोप मरमुळे वाळले की चार-पाच टक्के उत्पादन गेले, आणि कोरडवाहूत नांग्या (रोपांच्या रिकाम्या जागा) पडणारच.

उदाहरण ज्वारीचे घेऊ, अंतर ४५ × १५ सेंमी. नेट प्लॉटमध्ये चार ओळी आणि प्रत्येक ओळीत ३० रोपे, म्हणजे १२० रोपे. रुंदी ४ × ०.४५ = १.८० मी., लांबी ३० × ०.१५ = ४.५० मी. नेट क्षेत्र ८.१० चौ. मी.

दोन्ही मापे अंतराच्या पटीत आली आहेत, हे महत्त्वाचे. लोक ‘पाच बाय चार’ अशी गोल मापे घेतात. ४.०० मी. रुंदीत ४५ सेंमीच्या आठ ओळी बसतात आणि ४० सेंमी उरतात. मग कोणी त्यात नववी ओळ दाटीने घालतो, कोणी मोकळे सोडतो. पहिल्या प्रकारात रोपांची दाटी बदलली, दुसऱ्यात कडेच्या ओळीला फुकटचा ओलावा मिळाला. मापे गोल नसली तरी चालतील, अंतराच्या पटीत हवीत.

आता हाच प्लॉट तुरीला लावून पाहा. समजा ज्वारीचा ग्रॉस प्लॉट (कडांसह पूर्ण प्लॉट) २.७० × ५.४० मी. आहे आणि ‘सगळ्या पिकांना एकच माप’ म्हणून तुरीलाही तोच दिला. ९० × २० सेंमी अंतराने त्यात तीनच ओळी बसतात. दोन कडेच्या सोडल्या की नेटमध्ये एक ओळ उरते आणि दोन्ही टोकांची दोन-दोन रोपे सोडून २३ रोपे. या २३ रोपांवर हेक्टरी उत्पादनाचा निष्कर्ष काढायचा! तुरीला सहा ओळी आणि ६.०० मी. लांबी द्या: ग्रॉस ५.४० × ६.०० मी., नेट चार ओळी × २६ रोपे, म्हणजे १०४ रोपे आणि ३.६० × ५.२० = १८.७२ चौ. मी.

तपासा: नेट प्लॉटची रुंदी ÷ ओळीतील अंतर आणि लांबी ÷ रोपांतील अंतर, दोन्ही उत्तरे पूर्णांकात आली पाहिजेत.

४. कडा जोडून ग्रॉस प्लॉट काढा

वरच्या ज्वारीच्या नेट प्लॉटला दोन्ही बाजूंना एकेक ओळ आणि दोन्ही टोकांना तीन-तीन रोपे जोडली की ग्रॉस प्लॉट सहा ओळी × ३६ रोपे, म्हणजे २.७० × ५.४० = १४.५८ चौ. मी. होतो. नेटचे प्रमाण सुमारे ५६ टक्के. हे प्रमाण निम्म्याखाली गेले तर प्लॉट फार अरुंद झाला असे समजा.

एक ओळ कधी पुरत नाही? शेजारी-शेजारी उंच आणि बुटके वाण असतील तेव्हा, नत्राच्या मात्रा खूप वेगळ्या असतील तेव्हा, आणि एका प्लॉटचे पीक लवकर निघून शेजारी मोकळी जागा पडणार असेल तेव्हा. अशा वेळी दोन ओळी सोडा.

कोरडवाहूत एक चूक विशेष नडते: प्लॉटच्या मधल्या वाटा. दोन प्लॉटच्या मध्ये अर्धा-पाऊण मीटर मोकळी वाट ठेवली की त्या वाटेखालचा ओलावा कडेच्या ओळी ओढतात. पाण्याचा ताण जितका जास्त, तितका हा फायदा मोठा. कडेची ज्वारी हिरवी उभी आणि आतली करपलेली, असे दृश्य दिसते ते यामुळेच. म्हणून एकाच ब्लॉकमधील प्लॉट शक्यतो एकमेकांना लागून घ्या, हद्दीवर खुंटी आणि दोरी पुरते. वाट ठेवायचीच तर ब्लॉकच्या मध्ये ठेवा. संपूर्ण प्रयोगाभोवती त्याच पिकाचा निदान दोन मीटरचा पट्टा पेरा. चारी बाजूंचे प्लॉट मोकळ्या जागेला भिडता कामा नयेत.

सावधान: वाट ठेवली असेल आणि नेट प्लॉटमध्ये कडेची ओळ मोजली गेली असेल तर उत्पादन फुगते. आणि सगळ्या ट्रीटमेंटमध्ये ते सारखे फुगत नाही. जोमदार वाढणारी ट्रीटमेंट वाटेचा ओलावा जास्त ओढते, म्हणून ‘चूक सगळीकडे सारखीच आहे’ हा दिलासा खोटा आहे.

५. आंतरपीक असेल तर ओळी मांडून मोजा

इथे चुका इतक्या होतात की हा टप्पा वेगळा द्यावा लागतो. ज्वारी आणि तूर २:१, सर्व ओळी ४५ सेंमीवर. कोणी सहा ओळींचा प्लॉट घेतो: ज्वारी, ज्वारी, तूर, ज्वारी, ज्वारी, तूर. प्रमाण बरोबर दिसते. सवयीने दोन्ही बाजूंची एकेक ओळ सोडली की नेटमध्ये उरते ज्वारी, तूर, ज्वारी, ज्वारी. म्हणजे ३:१! पेरले २:१ आणि मोजले ३:१. तुरीचे हेक्टरी उत्पादन त्या क्षणी चुकले आणि त्यावरून काढलेले समतुल्य उत्पादन, जमीन वापर गुणोत्तर, नफा-तोटा सगळेच चुकले.

उपाय साधा आहे, आठ ओळी घ्या: ज्वारी, ज्वारी, तूर, ज्वारी, ज्वारी, तूर, ज्वारी, ज्वारी. पहिली आणि आठवी सोडली की आत ज्वारी, तूर, ज्वारी, ज्वारी, तूर, ज्वारी राहतात. चार ज्वारी, दोन तूर, प्रमाण २:१ आणि मांडणीही दोन्ही बाजूंनी सारखी. नेटची रुंदी ६ × ०.४५ = २.७० मी. कोणतेही प्रमाण असो, कागदावर ओळींची आद्याक्षरे एका रेषेत लिहा, कडेची खोडा आणि उरलेली मोजा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते पेरणीआधीच व्हायला हवे.

सलग पिकाचे तुलनेचे प्लॉटही त्याच ग्रॉस मापात बसतात का, हे याच वेळी पाहा. सलग तूर ९० सेंमीवर असेल तर आठ ज्वारी-ओळींच्या ३.६० मी. रुंदीत तुरीच्या चारच ओळी बसतील. रोपे कमी वाटली तर सगळ्याच प्लॉटची लांबी वाढवा.

६. लांबट की चौरस, आणि कोणत्या दिशेने

पहिल्या टप्प्यात काढलेला बाण आता समोर ठेवा. नियम दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले जातात. ब्लॉकची लांब बाजू बाणाला आडवी ठेवायची, म्हणजे एका ब्लॉकमधील जमीन एकसारखी राहते. ब्लॉकच्या आतील प्लॉटची लांब बाजू मात्र बाणाच्या दिशेने ठेवायची, म्हणजे प्रत्येक प्लॉटला थोडी उथळ आणि थोडी खोल जमीन सारख्या वाट्याने मिळते. दोन्ही एकाच दिशेने ठेवले तर एका प्लॉटला सगळी उथळ आणि दुसऱ्याला सगळी खोल जमीन जाते.

बाण काढता येत नसेल, जमीन ठिपक्यांनी बदलत असेल तर लांबट प्लॉटचा फायदा उरत नाही. मग चौरसाजवळचा आकार घ्या, कारण त्यात कड कमी वाया जाते. १६ चौ. मी. नेट क्षेत्राला चारी बाजूंनी अर्ध्या मीटरची कड दिली तर किती जागा लागते ते पाहा:

४ × ४ मी.: ग्रॉस २५ चौ. मी., नेट ६४ टक्के
२ × ८ मी.: ग्रॉस २७ चौ. मी., नेट ५९ टक्के
१ × १६ मी.: ग्रॉस ३४ चौ. मी., नेट ४७ टक्के

एकास चारपर्यंत लांबट केल्याने फारसे बिघडत नाही. त्यापुढे जाण्याला सबळ कारण हवे.

खरा पेच उताराच्या शेतात येतो. बाण उताराच्या दिशेने, म्हणून प्लॉटची लांबी उताराच्या दिशेने. पण कोरडवाहूत पेरणी उताराला आडवी करायची असते, नाहीतर पाणी ओळीओळीने वाहून जाते. वाणांचा लहान प्रयोग अगदी मंद उतारावर असेल तर ओळी उताराच्या दिशेने चालू शकतात. एरवी मी आडवी पेरणी सोडत नाही. प्लॉट आडवे ठेवा आणि ब्लॉक उताराच्या दिशेने अरुंद करा: आठ प्लॉट टोकाला टोक लावून एका पट्टीत घेतले तर ब्लॉक उताराच्या दिशेने फक्त २.७० मी. आणि आडवा ४३.२० मी. होतो. २.७० मीटरमध्ये उताराचा फरक नगण्य राहतो. मात्र ४३ मीटरच्या पट्टीत आडवा फरक आहे का, ते खोलीच्या नकाशावर पाहा. तिथेही जमीन बदलत असेल तर ट्रीटमेंट कमी करा किंवा अपूर्ण ब्लॉकची (एका ब्लॉकमध्ये काहीच ट्रीटमेंट असणारी) रचना घ्या.

सावधान: ब्लॉक सरळ रेषेत एकाखाली एक असलेच पाहिजेत असे नाही. मध्ये खराब पट्टा असेल तर तो सोडून पुढचा ब्लॉक त्यापलीकडे घ्या. एकाच ब्लॉकचे दोन तुकडे मात्र करू नका.

७. प्लॉट मोठा करावा की रेप्लिकेशन वाढवावे

थोडी जास्त जागा मिळाली की हात प्लॉट मोठा करण्याकडे जातो. बहुतेक वेळा ते चूक असते. संख्याशास्त्रज्ञ एच. फेअरफील्ड स्मिथ यांच्या १९३८ च्या नियमानुसार प्लॉट ‘क्ष’ पट केला की दर एकक क्षेत्राच्या उत्पादनातील व्हेरियन्स (चढउताराचे माप, सी.व्ही. त्याच्या वर्गमुळावर ठरतो) ‘क्ष’च्या ‘बी’ घाताने भागला जातो. शेजारशेजारच्या जमिनी अगदी स्वतंत्रपणे बदलत असतील तर ‘बी’ १, आणि अगदी सारख्या असतील तर शून्य. प्रत्यक्ष शेतात तो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो.

‘बी’ ०.५ धरू. सध्याचा सी.व्ही. २० टक्के, ट्रीटमेंट ८, रेप्लिकेशन ३. एरर डिग्री ऑफ फ्रीडम (चुकीचा अंदाज किती स्वतंत्र आकड्यांवर उभा आहे ते; ट्रीटमेंट वजा एक गुणिले रेप्लिकेशन वजा एक) ७ × २ = १४, ५ टक्के पातळीवर तक्त्यातली टी किंमत २.१४५. दोन ट्रीटमेंटमध्ये सरासरीच्या सुमारे ३५ टक्के फरक असेल तरच तो सिद्ध होईल. प्लॉट दुप्पट केला तर सी.व्ही. १६.८ वर येतो आणि ही मर्यादा सुमारे २९ टक्के होते. प्लॉट तेवढाच ठेवून रेप्लिकेशन सहा केले तर ती सुमारे २३ टक्क्यांवर येते. जागा दोन्हीकडे दुप्पटच, फक्त रेप्लिकेशनच्या ब्लॉकमधल्या वाटा थोड्या वाढतात. नेट प्लॉट रोपांच्या किमान संख्येपर्यंत पोहोचला की त्यापुढची जागा रेप्लिकेशनला द्या.

तपासा: एरर डिग्री ऑफ फ्रीडम १२ पेक्षा कमी नको. सहा ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशनला ती १० भरते. चार रेप्लिकेशन घ्या, १५ होतील.

त्याच शेतात अनेक वर्षे प्रयोग होणार असतील तर एका हंगामात युनिफॉर्मिटी ट्रायल घ्या. सगळ्या शेतात एकच वाण, एकच मात्रा. काढणी मात्र १ × १ मी.च्या चौकटींनी स्वतंत्र. शेजारच्या चौकटी २, ४, ८ अशा जोडून, आडव्या आणि उभ्या दोन्ही तऱ्हांनी, प्रत्येक वेळी सी.व्ही. काढा. तो कुठपर्यंत झपाट्याने उतरतो आणि कुठून रेंगाळतो, त्या वळणाच्या थोडे पुढचे क्षेत्र घ्या. ट्रायल चांगल्या पावसाच्या वर्षी झाली असेल तर निष्कर्ष जपून वापरा; भरपूर पावसात मातीच्या खोलीचा फरक झाकला जातो.

८. जागेचा हिशेब आणि आखणी

आता जागा मोजा. ज्वारीचे आठ वाण, तीन ब्लॉक, मंद उतार, प्लॉट लागून लागून. ब्लॉकची रुंदी ८ × २.७० = २१.६० मी., खोली ५.४० मी. तीन ब्लॉक आणि दीड-दीड मीटरच्या दोन वाटा मिळून १९.२० मी. भोवती दोन मीटरचा पट्टा धरला की २५.६० × २३.२० मी., म्हणजे सुमारे ५९४ चौ. मी. तिफणीने पेरणार असाल तर प्लॉटच्या ओळी तीनच्या पटीत ठेवा, सहा ओळी दोन फेऱ्यांत बरोबर बसतात.

काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने काढा आणि ब्लॉकचे दोन्ही कर्ण मोजा. वरच्या ब्लॉकचा कर्ण २२.२६ मी. आला पाहिजे. खुंट्या ठोकताना टेप एका कोपऱ्यात पकडून २.७०, ५.४०, ८.१० असे सलग वाचा. प्रत्येक प्लॉट वेगळा मोजत गेले की दर वेळची दोन-तीन सेंमीची चूक साठत जाते आणि शेवटचा प्लॉट अरुंद पडतो. पहिली ओळ खुंटीच्या रेषेवर नको, तिच्यापासून अर्ध्या अंतरावर, म्हणजे २२.५ सेंमीवर हवी.

९. काढणीत हीच मापे सांभाळा

विरळणीनंतर लगेच नेट प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, पीक उंच झाल्यावर ते जमत नाही. काढणीला आधी कडेच्या ओळी आणि टोकांची रोपे कापून शेताबाहेर न्या, मगच नेटला हात लावा. एकाच दिवशी दोन्ही कापून बाजूबाजूला ठेवले की पेंढ्या मिसळतात.

८.१० चौ. मी. नेट क्षेत्राचा हेक्टरी गुणक १,२३५ आहे. वजनात १०० ग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी सुमारे १२३ किलो, म्हणून तराजू १० ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा आणि सगळ्या प्लॉटचे धान्य सारखेच वाळलेले हवे. नेटचे वजन ग्रॉसच्या क्षेत्राने भागण्याची चूक अजूनही होते. या प्लॉटमध्ये तिने उत्पादन ४४ टक्के कमी दिसेल. गुणक वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

नांग्या पडल्या म्हणून काढणीच्या वेळी नेट प्लॉट सरकवू नका. ट्रीटमेंटमुळेच रोपे मेली असतील तर तो तिचा परिणाम आहे, तो आकड्यात आलाच पाहिजे. गुरे शिरली, पाणी तुंबले अशा कारणाने प्लॉट गेला असेल तर त्याच दिवशी तारीख आणि प्लॉट क्रमांकासह नोंद करा आणि तो प्लॉट विश्लेषणात गहाळ धरा. हे उत्पादन मोजण्याआधी ठरलेले असावे.